गेटिसबर्गचं भाषण लॉटननं म्हटलं म्हणून डोळे पुसायचे का?

चष्मेबहाद्दर: परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'रगल्स ऑफ रेड गॅप' (१९३५) या पिक्चरमधला तो गुत्त्यातला सीन म्हणजे देशभक्तीचा स्वस्त डोस, भाषण लिंकनचं आणि टाळ्या ते म्हणणाऱ्या नटाला, चार्ल्स लॉटनला. डोकंच फिरलं वाचून. अहो, हा रगल्स म्हणजे इंग्रज बटलर, मालक त्याला पॅरिसमध्ये पोकरच्या डावात हरलाय, म्हणजे जिवंत माणूस पणाला लावला! तो अमेरिकेत येतो, आणि गुत्त्यातल्या एकाही अमेरिकनाला लिंकन गेटिसबर्गला काय बोलला ते आठवत नाही, ते हा पुटपुटायला लागतो. 'सगळी माणसं समान' हे वाक्य डावात हरलेल्या माणसाच्या तोंडून येतं, हे दिसलंच नाही का कुणाला?

खडूस_काका: मीच लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणतो. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू, समोर नुकत्याच पुरलेल्या सैनिकांच्या कबरी, तिथे बोललेलं भाषण ते. ते उचलून कॉमेडीत घालायचं? वर १९३५ साली अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्याशेजारी बसून पिक्चर बघता येत नव्हता. कसली समानता आणि कसलं काय.

पाठांतरग्रस्त: भाषण पाठ करायला लावणाऱ्यांवर आधी बोला! आमच्या सरांनी हेच भाषण माझ्याकडून घोकून घेतलं, 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' ला तीनदा हात वर, तिसऱ्यांदा मुठ्ठी. एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आजही लिंकन म्हटलं की हात आपोआप वर जातो.

चष्मेबहाद्दर: मग लॉटन बघाच. आवाज न चढवता सुरू करतो तो, आणि दिग्दर्शक मॅकॅरी आधी त्याचं तोंड सोडून ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवतो.

पाठांतरग्रस्त: म्हणजे त्यालाही पाठच होतं ना? रगल्सचे सर कोण होते ते शोधा, मला भेटायचंय त्यांना.

तिसरी_घंटा: पाठांतराला नावं ठेवणारे सगळे सारखेच. मला आजीनं पाठ करून घेतलेलं आजही अडचणीत आठवतं, तुमचं गुगल आठवतं का?

पाठांतरग्रस्त: आजी आणि छडीवाले सर यात फरक असतो, ताई. तुमच्यावर कुणी हात उगारला नाही म्हणून गोड वाटतंय सगळं.

तिसरी_घंटा: न विचारता माझं बालपण ठरवू नका. आणि काका, २०१२ चा 'लिंकन' बघा. सुरुवातीलाच गोरा सैनिक हे भाषण म्हणताना शेवटाला अडकतो आणि काळा सैनिक ते पुरं करतो, तेही खुद्द लिंकनसमोर. तुमचाच मुद्दा, भाषण न बदलता.

खडूस_काका: आणि तो सीन धादांत खोटा! युद्ध चालू असताना सैनिकांना ते पाठ असणं जवळजवळ अशक्य, भाषणाला एवढा मान पुढे मिळाला. त्या दिवशी मुख्य वक्ता एडवर्ड एव्हरेट होता, दोन तास बोलला. लिंकन दोन-तीन मिनिटं.

चष्मेबहाद्दर: आणि एव्हरेटनंच दुसऱ्या दिवशी पत्र लिहून लिंकनला दाद दिली. तो मान्य करू शकतो, तुम्ही नाही.

खडूस_काका: बरं बाबा, लॉटनला अर्धं श्रेय दिलं, घ्या. उरलेलं अर्धं गुत्त्यात गप्प बसलेल्या एक्स्ट्रांना.

चष्मेबहाद्दर: म्हणजे मॅकॅरीला. मी वर तेच लिहिलंय, वाचायचे कष्ट घ्या.

पाठांतरग्रस्त: छडीचं मात्र कुणीच बोलत नाहीये.