गरोदरपणातली सोनोग्राफी: बाळाला खरंच काही होतं का? किती वेळा चालते?

उपकेंद्र_कोरेगाव:
सातारा जिल्ह्यात एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) आहे. नोंदणीच्या वेळी दोन्ही टोकाची घरं भेटतात. कुठे सासूबाई म्हणतात, "मशीनची किरणं लागतात, पाचव्या महिन्याशिवाय नको." कुठे दर महिन्याला सोनोग्राफी हवी असते, आणि सातव्या आठवड्यातच ठोके ऐकायचे असतात. दोघांनाही पटेल असं नेमकं काय सांगावं? धोका आहे तर कशात?

मिरज_सोनोलॉजी:
सिस्टर, यात किरणं नाहीतच. एक्स-रे, सीटी वेगळे. प्रोबमधून, म्हणजे पोटावर फिरवतात त्या दांड्यातून, जातो तो आवाज, पोटावरून साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा. तो शरीरात शोषला गेला की थोडी उष्णता होते, काळजी घ्यायची ती एवढ्यापुरती.

ही उष्णता किती, त्याचा अंदाज स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो: टीआय, म्हणजे थर्मल इंडेक्स. टीआय 1 म्हणजे त्या सेटिंगला ऊती साधारण 1 अंशाने तापू शकतात. 10 आठवड्यांपर्यंत टीआयएस (मऊ ऊतींसाठीचा टीआय) बघायचा. पुढे बाळाची हाडं घट्ट होऊ लागतात आणि हाड जास्त उष्णता धरतं, म्हणून टीआयबी (हाडांसाठीचा). ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीचा तक्ता असा: टीआय 0.7 पर्यंत वेळेची मर्यादा नाही, 1.0 पर्यंत 60 मिनिटं, 1.5 पर्यंत 30, 2.0 पर्यंत 15, 2.5 पर्यंत 4, 3.0 पर्यंत 1 मिनिट. त्यापुढे नकोच. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला टीआय बहुधा 0.7 च्या आतच राहतो.

टीआय चढतो तो डॉप्लरला (ठोके ऐकवणारी, रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत), कारण आवाजाचा झोत एकाच जागी रोखून धरलेला असतो. म्हणून सातव्या आठवड्यात ठोके ऐकवायचा आग्रह धरू नये. त्याऐवजी एम-मोडची (हालचालीचा आलेख काढणारी पद्धत) रेघ हृदयावरून न्यायची, चित्र फ्रीज करायचं, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं; मिनिटाचे ठोके आकड्यात मिळतात. ऐकू आले नाहीत म्हणून तपासणी अर्धवट झाली असं होत नाही.

एक गोष्ट घरच्यांना स्पष्ट सांगावी. बाळांवर दुष्परिणाम आढळले नाहीत असं सांगणारे बरेच अभ्यास जुन्या, कमी शक्तीच्या मशीनवरचे आहेत. अमेरिकेत गर्भासाठी आवाजाच्या तीव्रतेची मर्यादा 94 मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर होती, 1990 च्या दशकात ती 720 पर्यंत वाढवली. त्यामुळे "काही होत नाही, कितीही करा" हे मी कुणाला सांगणार नाही. कारण असेल तर बिनधास्त करा, नसेल तर नको.

कराड_प्रसूती:
सासूबाईंचं "पाचव्या महिन्याशिवाय नको" हे मात्र महागात पडतं. सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे की नळीत, जुळं आहे का, हे कळतं. 14 आठवड्यांच्या आत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख सर्वांत भरवशाची. पाळीची तारीख आठवत नसेल तर हाच आधार. एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी) 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस, व्यंग तपासणी 18 ते 20 आठवडे. ही लांबली की पुढचे निर्णय घ्यायला वेळच उरत नाही. नंतरच्या सोनोग्राफी वाढ, पाणी, वार कुठे आहे, त्यानुसार.

गर्भ 7 मिमीपेक्षा लहान आणि ठोके दिसत नसतील, तर 7 ते 14 दिवसांनी परत बोलावतात. तिथे "पुन्हा पुन्हा नको" म्हणून घरी बसू देऊ नका. एकाच तपासणीवर गर्भ गेला असं ठरवणं जास्त वाईट.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवा.

तासगाव_रेडिओ:
दर महिन्याला मागणाऱ्यांसाठी: गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरतात त्या फॉर्म एफमध्ये सोनोग्राफीचं कारण लिहावंच लागतं, आणि "बाळ बघायचंय" हे कारण होत नाही. सोनोग्राफी केंद्राचं याच कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं नसेल किंवा कुणी मशीन घरी आणतो म्हणत असेल, तर बाईला तिथे पाठवू नका. लगेच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

उपकेंद्र_कोरेगाव:
फार उपयोग झाला. आतून करतात त्या सोनोग्राफीने गर्भ पडतो का? आणि ताप असताना?

मिरज_सोनोलॉजी:
नाही पडत. तो प्रोब योनीमार्गातच राहतो, गर्भाशयाच्या तोंडातून आत जात नाही. लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून झोपवायचं. मात्र प्रोबचं टोक स्वतः तापतं, म्हणून बोलताना किंवा टिपण घेताना फ्रीज दाबायचं. मग आवाज सोडणं बंद होतं. ताप असेल तर बाळाचं तापमान आधीच वाढलेलं असतं. थांबण्यासारखं असेल तर ताप उतरल्यावर करा. रक्तस्राव किंवा पोटात कळ असेल तर थांबू नका, फक्त वेळ कमीत कमी ठेवा.