महोगनी म्हणून घेतलेलं सेक्रेटरी डेस्क आतून पाइनचं निघालं, फसलो का?

खणवाला: इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकायला काढतात ना, तिथून) सेक्रेटरी डेस्क, म्हणजे कपाटवालं लिहायचं टेबल घेतलं. वर काचेच्या दारांचं कपाट, खाली खण, बाजूला गोल खांब, पुढचे पाय सिंहाच्या पंजासारखे. विकणारा म्हणाला न्यूयॉर्कचं, १८३० च्या आसपासचं, अमेरिकन क्लासिकल शैलीचं. घरी आणून खण उपसले तर आत सगळं फिकट पाइन, महोगनी नुसती वरून चिकटवलेली!

रंधा_पटाशी: अहो तेच तर खरं काम आहे. न्यूयॉर्कच्या डंकन फाइफसारख्या नामी कारागिराकडेही आत साधं लाकूड न् वर महोगनीचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा असायचा. खोडाला फांदी फुटते त्या बेचक्यातलं लाकूड चिरलं की ज्वाळेसारखी नक्षी मिळते, पण त्याची अख्खी फळी लावली तर वाकणार, तडकणार, म्हणून पातळ पापुद्रे काढून सरसाने पाइनवर बसवायचे. एकामागे एक निघालेले दोन पापुद्रे पुस्तक उघडल्यासारखे शेजारी लावलेत का बघा, ज्वाळा आरशासारख्या जुळतील.
न्यूयॉर्कचं मात्र कारागिराचं लेबल असेल तरच धरा, पाइन बोस्टनवालेपण वापरायचे.

जुनापुराणा: खणाच्या तळाखालून हात फिरवा, हाताने रंधलेलं असेल तर बारीक लाटा लागतात. डव्हटेल, म्हणजे खणाच्या कोपऱ्यातले कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, एकसारखे नसले तर छानच, हातकामाची खूण. आणि एखादा स्क्रू काढून बघा, १८४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टोकं बोथटच असायची.

खणवाला: लाटा आहेत, डव्हटेल तर चक्क वाकडेतिकडे 😅 पण वरच्या खणाचा दर्शनी भाग खाली पडून लिहायची फळी होते, तिथल्या बिजागरीचे स्क्रू टोकदार आहेत.

रंधा_पटाशी: त्याला बटलर्स डेस्क म्हणतात. हाताचा सगळा भार त्या बिजागरीवर येतो, त्यामुळे मधे कधीतरी स्क्रू बदलले असणार, त्यावरून अख्खं डेस्क नकली ठरत नाही. शेजारी जुनी बुजवलेली भोकं दिसतात का?
आत कागदाच्या कप्प्यांमधे छोटे खांब असतील तर ते हलकेच पुढे ओढून बघा, काहींच्या मागे चोरकप्पा असतो.

खणवाला: भोकं आहेत दोन!! आणि डावा खांब आला बाहेर, मागे उभा अरुंद डबा. रिकामा. पण आतलं लाकूड इतकं फिकट की कालच रंधल्यासारखं. आता पॉलिशपेपर मारून चमकवू का?

जुनापुराणा: पॉलिशपेपर लांब ठेवा! व्हिनियर घासलं गेलं की खालचं पाइनच दिसेल. आधी मऊ फडक्याने धूळ काढा, फोटो टाका, मग बोलू.