मदत हवी आहे: ४० सेलच्या ओळीत आठ स्तंभांचा तक्ता कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

उष्मागतिकीचं पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये उतरवतेय. मजकूर आणि सूत्रं यूईबीत (युनिफाइड इंग्लिश ब्रेल) सुरळीत चालली आहेत. घोडं अडलंय ते परिशिष्टातल्या स्टीम टेबलपाशी, म्हणजे पाणी-वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यापाशी.

तापमान, दाब, द्रवाचं आणि वाफेचं विशिष्ट आकारमान, एन्थाल्पीचे तीन स्तंभ आणि वाफेची एन्ट्रॉपी, असे एकूण आठ स्तंभ आहेत. १०० अंशांची ओळ सेल (सहा टिंबांची एकेक ब्रेल चौकट) मोजून पाहिली. ०.००१०४३ हा एकटा आकडाच, आधी येणाऱ्या अंकचिन्हासकट, नऊ सेल खातो. सगळे आकडे मिळून ५५, स्तंभांमधली दोन-दोन सेलची मोकळी जागा धरून ६९. ओळ ४० चीच.

आधी प्रत्येक ओळीचा परिच्छेद केला: 'तापमान इतकं, दाब इतका...' बसलं छान, पण उपयोग शून्य. विद्यार्थ्याला १०३ अंशांची एन्थाल्पी काढायची तर १०० आणि १०५ चे आकडे बोटाखाली एकाखाली एक लागतात. इथे त्यांच्यामध्ये चार ओळींचा मजकूर येतो. समोरासमोरच्या पानांवर ६९ सेल मावले असते, पण आमचा एम्बॉसर (ब्रेल छापण्याचं यंत्र) एकाच बाजूला छापतो, त्यामुळे डावं पान कोरंच.

आता तक्ता उभा चिरून दोन भाग केलेत, तापमानाचा स्तंभ दोन्हींत. पहिला भाग ३३ सेलचा, दुसरा बरोब्बर ४०! असं चालतं का? आणि परिच्छेदाच्या मध्येच घुसलेल्या रंगीत चौकटींचं काय करता?

प्रतिसाद १

चिरणं योग्यच, मीही तेच करतो. पण तुम्ही मधली ओळ मोजलीत. तक्त्याची शेवटची ओळ बघा: क्रांतिक बिंदू (जिथे पाणी आणि वाफ यांतला फरकच मिटतो), ३७३.९५ अंश. तापमानाचा स्तंभ चारऐवजी सात सेलचा होतो आणि तुमचा 'बरोब्बर ४०' जातो ४३ वर. स्तंभाची रुंदी नेहमी त्यातल्या सगळ्यात लांब आकड्यावरून धरायची. मी यात एकदा अख्खं परिशिष्ट पुन्हा छापलंय.

तक्ता का तोडला हे लिप्यंतरकाराच्या टिपेत आधीच सांगा. स्तंभांच्या लघुशीर्षकांचे अर्थही तिथेच द्या.

प्रतिसाद २

छापील पानाचा क्रमांक विसरू नका. वर्गात 'पान ४१२ काढा' म्हणतात ते छापील पान. ते तीन ब्रेल पानांवर गेलं तर ४१२, ए४१२, बी४१२ असं लिहितात.

चौकट परिच्छेद संपल्यावर टाका. वर सेलमधल्या २-३-५-६ क्रमांकांच्या टिंबांची रेघ, खाली १-२-४-५ ची, म्हणजे बोटाला सुरुवात आणि शेवट लगेच कळतात. मात्र परिच्छेदात 'शेजारची चौकट पाहा' असं असेल तर ती नेमकी कुठे गेली हे टिपेत लिहा. आमच्याकडच्या वाचकाने एकदा अख्खा धडा चाचपडून काढला होता.

धागाकर्ती

३७३.९५ कडे लक्षच गेलं नव्हतं, धन्यवाद! पुन्हा मोजलं. शेवटच्या ओळीत वाफेचं आकारमानही ०.००३१०६ आहे, म्हणजे तिथेही नऊ सेल. पहिला भाग ३८ वर थांबला. दुसऱ्यातून एन्ट्रॉपी काढून तापमानासोबत तिसरा भाग केला, त्यामुळे दुसरा ३४ चा झाला. आता वाचकाकडून तपासून घेते, मगच बाकीचे तक्ते चिरायला घेईन.