थर्मल कॅमेऱ्याच्या काळ्या लेन्सवर डाग पडलाय, घासून काढू का?

पॅनेलमित्र
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक पॅनेलमधली सैल पडून तापलेली जोडणी शोधायला मी थर्मल कॅमेरा वापरतो. सेकंडहँड घेतलेला आहे. लेन्सवर तेलकट बोटं उमटली होती, म्हणून ओट्यावरचा चिकटपणा काढायच्या क्लीनरने पुसली. तेव्हापासून मधोमध नखाएवढा दुधट डाग आहे. गंमत अशी की चित्रात डाग कुठेच दिसत नाही, पण सगळंच चित्र फिकं येतं. माहितीपत्रकात लेन्स आर्सेनिक सेलेनाइडची आहे असं लिहिलंय. माझ्याकडे काच पॉलिश करायची सीरियम ऑक्साइडची पावडर पडून आहे. हलक्या हाताने घासू का? आणि आर्सेनिक म्हटल्यावर धास्तीच बसली आहे. हा कॅमेरा मी रोज हाताळतो, घरात लहान मुलं आहेत.

उत्तरायण
आर्सेनिक आहे म्हणजे विषच की. मी तर फेकून दिला असता.

भिंगकाम
पॅनेलमित्र, घासू नका. फेकूही नका. मी बारा वर्षं इन्फ्रारेड लेन्सच्या पॉलिशिंगच्या बाकावर काम केलं, त्यातलं बरंचसं याच काचेवर.

आधी मुलांची काळजी. या काचेत दोन आर्सेनिक अणूंमागे तीन सेलेनियम अणू असतात आणि ते एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. अख्खी लेन्स हाताळल्याने तुम्हाला काही होणार नाही. धोका आहे तो तिच्या धुळीत आणि ती तापवल्यावर निघणाऱ्या वाफेत. म्हणजे तुम्ही जे करायला निघाला आहात, नेमकं त्यातच. आम्ही ओलं ठेवूनच घासायचो, आणि घासलेलं पाणी कधी मोरीत ओतलं नाही. वेगळ्या पिंपात साठवून घातक कचरा म्हणून द्यायचो. उद्या लेन्स फुटलीच तर झाडू मारू नका. हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपा आणि बंद डब्यात ठेवा.

आता पावडर. सीरियम ऑक्साइड नुसतं घासत नाही, सिलिकाशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून खिडकीच्या काचेवर ते इतकं छान चालतं. इथे सिलिका नावालाही नाही. त्यात ही काच मऊ, ओरखडे पटकन पडतात. शिवाय अशा लेन्स पुष्कळदा साच्यात दाबून केलेल्या असतात, पृष्ठभाग साधा गोलाकार नसतो. बोटाने घासलात तर तो आकार जाईल आणि फोकस पुन्हा जमणार नाही.

डाग पडला तो बहुधा क्लीनरमुळे. चिकटपणा काढणारे क्लीनर बहुतेक अल्कलीचे असतात आणि अल्कलीत ही काच विरघळते. लेन्सवर परावर्तन कमी करणारं कोटिंग असतं, त्याला कुठे बारीक ओरखडा असेल तर तिथून अल्कली आत शिरते.

पण माझं खरं सांगणं पुढे आहे: या लेन्सची परीक्षा डोळ्यांनी करू नका. डोळा पाहतो अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश, तुमचा कॅमेरा 8 ते 14 मायक्रॉन. पृष्ठभाग बारीक खडबडीत झाला की प्रकाश विखुरतो, पण तरंगलांबी वाढेल तसं हे विखुरणं वर्गाच्या हिशेबाने घटतं. तरंगलांबी 20 पट, तर विखुरणं सुमारे 400 पट कमी. म्हणून डोळ्याला दुधट दिसणारी जागा कॅमेऱ्याला बऱ्यापैकी स्वच्छ असू शकते. याउलट डोळ्याला न दिसणारा तेलाचा किंवा साबणाचा थर कॅमेऱ्याला आडवा येतो. ही काचच उलटी आहे. तुम्हाला ती काळीकुळकुळीत दिसते. आम्ही एकदा काचपट्टीवर तिचा काही मायक्रॉनचा थर चढवून दिव्यासमोर धरला होता, तो गडद लाल दिसला. तेवढाच लाल प्रकाश तिच्यातून येतो, त्याच्या पलीकडे मात्र ती सताड उघडी.

आधी थर काढा. फुंकणीने धूळ उडवा. लेन्स-कागदावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका आणि तो कागद न दाबता लेन्सवरून एकाच दिशेने ओढा. दर वेळी नवा कागद. मग दिव्याखाली लेन्स तिरकी धरा. कोटिंग शाबूत असेल तिथे परावर्तनाला एकसारखी रंगछटा दिसेल, गेलं असेल तिथे करडी चकाकी.

उत्तरायण
घाईत लिहिलं, माफ करा. एक विचारतो, कोटिंग गेलं तर बिघडतं किती?

भिंगकाम
बरंच. या काचेचा अपवर्तनांक 10 मायक्रॉनला सुमारे 2.78 आहे. इतक्या मोठ्या अपवर्तनांकामुळे उघड्या पृष्ठभागावरून जवळपास 22 टक्के प्रकाश मागे फिरतो. दोन्ही बाजू उघड्या असतील तर जेमतेम 64 टक्के पार होतो. थर्मल लेन्ससाठी वापरतात त्या दुसऱ्या पदार्थाचा, जर्मेनियमचा, तर 4, तिथे नुकसान आणखी मोठं. तरी नखाएवढ्या जागेचं कोटिंग गेलं तर फक्त त्या जागेपुरतंच नुकसान. डाग चित्रात दिसत नाही तोही याचमुळे: पुढच्या लेन्सचा प्रत्येक भाग सगळं चित्र घडवायला हातभार लावतो.

पॅनेलमित्र
ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, पाच कागद लागले. पहिल्यावर पिवळट चिकट रेघ आली, पाचवा कोरा निघाला. गरम पाण्याचा पेला समोर ठेवून आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहिलं. पेल्याची कड आता धारदार येते, फिकेपणा जवळजवळ गेला. दुधट डाग आहे तिथेच आहे. तिरकं धरल्यावर तिथे करडं चकाकतं.

भिंगकाम
म्हणजे तेवढ्या जागेचं कोटिंग गेलंय. राहू द्या. टोपण लावत जा, आणि तो क्लीनर ओट्यापुरताच ठेवा.