मदत हवी आहे: जांभ्याची गोल भिंत आणि फेरोसिमेंटचा घुमट (दापोली)

दापोलीजवळच्या वस्तीत उताराची जागा आहे. तिथली घरं वळणदार भिंतींची. झाड तोडायचं नाही, घरच वळवायचं, असा शिरस्ता. आतून ५ मीटर व्यासाची खोली, ९ इंची चिऱ्याची (जांभ्याच्या ठोकळ्यांची) भिंत, वर ३५ मिमीचा फेरोसिमेंटचा (सळ्या-जाळीवर सिमेंटचा मसाला दाबून केलेला) घुमट असा आराखडा आहे. चिऱ्यात गोलाई कशी साधावी? घुमट गळू नये म्हणून काय काळजी घ्यावी? घुमटावर माती टाकून गवत लावता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
१४ इंची चिरा सरळच लावला तर आत १ सेंमीचा सांधा बाहेर ४ सेंमीच्या वर उघडतो. तिथे नुसता मसाला भरला की आकसून चीर पडते आणि पाऊस आत येतो. दोन्ही टोकं आतल्या अंगाला दीड-दीड सेंमी तासून चिरा पाचरीसारखा करून घ्या. मध्यबिंदूला काँक्रीटमध्ये सळई उभी करा आणि तिला तारेची कडी अडकवून प्रत्येक थर मोजा. सूत नको, ओलं-कोरडं झालं की त्याची लांबी बदलते.

प्रतिसाद २
घुमट गळतो तो जाळीमागे राहिलेल्या पोकळीमुळे. सळ्यांच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी गॅल्व्हनाइज्ड कोंबडीजाळी घट्ट बांधा, सैल जाळी थापीखाली उसळते. मसाला १:२ (सिमेंट:वाळू), सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी २० लिटर, वाळूतला ओलावा त्यातच धरून. खाडीची वाळू अजिबात नको, मिठाने जाळी गंजते. एकाने बाहेरून दाबायचं, दुसऱ्याने आतून फळी धरायची. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा: जिथे बद्द वाजेल तिथे फोडून पुन्हा भरा. मग १४ दिवस ओलं गोणपाट. एप्रिलच्या उन्हात ते दुपारी एकदाही सुकता कामा नये.

प्रतिसाद ३
प्रतिसाद २ शी सहमत, पण घुमटाचा पाया विसरू नका. घुमट भिंतीला बाहेर ढकलतो. भिंतीच्या माथ्यावर सलग आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचं) कडं नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. कड्याच्या सळ्या इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

मातीबद्दल: मेक्सिकोत नौकाल्पानला हाविएर सेनोसिआइन यांनी फेरोसिमेंटचं घर मातीखाली घेतलं आहे, पण ते मुळापासून तसंच योजलेलं. इथे १५ सेंमी भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला पावणेतीनशे-तीनशे किलो. तुमचं कवच स्वतः जेमतेम ८५. त्यापेक्षा पांढरा चायना मोझॅक (फुटक्या चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे) करा आणि घुमटाच्या माथ्यावर झाकणाचं धुराडं ठेवा, गरम हवा निघून जाईल.

आणखी एक, गोल छताचं पाणी चहूबाजूंनी पडतं. कडेला ६० सेंमीचा पाखा (भिंतीबाहेर आलेली छताची कड) काढा, खाली जांभ्याची पन्हळ फिरवा आणि ती ओढ्याकडे न्या. नाहीतर पहिल्याच पावसात तुमचं सगळं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या जोत्याशी जाईल.

धागाकर्ता
मनापासून आभार. माती रद्द. पाखा ६० ऐवजी ७५ सेंमी केला तर त्याला वेगळ्या सळ्या लागतील का?

प्रतिसाद ३
हो. घुमटाच्याच सळ्या न तोडता पाख्यात न्या आणि टोकाला एक आडवी सळई फिरवा. खालून पाणी तोडायला १ सेंमीची खाच ठेवा.