अनुभव धागा: पलटणीच्या संग्रहालयात तुम्ही कशापाशी थांबलात?

मृण्मयी
काल मुलीच्या शाळेच्या कामासाठी पत्र्याची पेटी उघडली आणि पणजोबांचे पदक पुन्हा हाती आले. बारा वर्षांपूर्वी तेच पदक घेऊन मी वडिलांबरोबर बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातील संग्रहालयात गेले होते, तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या बाजूला’ होते, एवढेच घरात ठाऊक होते. पदकाच्या कडेवर अक्षरे असतात हे आम्हाला माहीतच नव्हते, कारण आजीने ते वर्षानुवर्षे घासून लखलखीत ठेवले होते आणि कड जवळजवळ गुळगुळीत झाली होती.

तिथल्या एका निवृत्त हवालदारांनी पदक मागून घेतले, खिडकीपाशी नेले आणि उन्हाची तिरीप कडेवर पडेल असे हळूहळू फिरवत एकेक अक्षर वाचून दाखवले: क्रमांक, हुद्दा, नाव आणि शेवटी ‘११४’. मग ते वडिलांना म्हणाले, “म्हणजे तुमचे आजोबा शरकतच्या पलटणीतले.” ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शरकत येथे तुर्की फौजेशी जी लढाई झाली, तिच्यात ११४व्या मराठा पलटणीने एकाच कारवाईत शौर्याचे २८ सन्मान मिळवले होते. तुर्की फौज ३० ऑक्टोबरला शरण आली आणि त्याच दिवशी मुद्रोस येथे युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या. त्या २८ जणांत पणजोबा नाहीत. त्यांच्याजवळ होते ते युद्धावर गेलेल्या प्रत्येकाला मिळालेले साधे पदक.

वडिलांनी विचारले, “ती पलटण आता कुठे आहे?” हवालदारांनी सांगितले की १९२२ साली फेररचना झाली तेव्हा ११४वी ही रेजिमेंटची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण ठरली आणि तिच्यातूनच पुढे हे केंद्र उभे राहिले. “तुम्ही आत्ता तिच्यातच उभे आहात,” असे ते म्हणाले, तेव्हा वडील तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशा संग्रहालयात तुम्ही कशापाशी थांबलात, ते लिहाल का?

दत्ता_कोरेगाव
मृण्मयीताई, आमच्या घरातही बसराच आहे, पण तो परतीच्या वाटेशिवायचा. पणजोबांचे धाकटे भाऊ मेसोपोटेमियातील कुट येथे तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात होते. ६व्या पुणे डिव्हिजनचा तो वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. त्यानंतर त्यांचे एक अक्षरही आले नाही. आमची माणसे ११७व्या पलटणीतली, असे घरात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, कारण मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल याच पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. मी संग्रहालयात गेलो तेव्हा ११७व्या पलटणीच्या फलकासमोर अर्धा तास उभा राहिलो आणि दिसेल ते सगळे उतरवून घेतले. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि शिपायांची फक्त पलटणवार संख्या आहे, हे मला तिथेच कळले. घरी येऊन आईला ते सांगण्याचे धैर्य व्हायला दोन दिवस लागले.

केतकी
दत्ताभाऊ, वाचून पोटात कालवले. संख्येतला एक म्हणजे कोणाच्या तरी घरातला धाकटा भाऊ.

शुभांगी_स
मृण्मयी, एक तातडीची विनंती आहे: ते पदक यापुढे अजिबात घासू नका. चांदीच्या पदकाच्या कडेवरील अक्षरे फार उथळ ठसवलेली असतात आणि पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर धातूचा एक थर निघून जातो. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवले तरी पुरे.

माझा अनुभव थोडा कडवट आहे. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक सैनिकांना चांदीचे मिळाले, पण मजूर तुकड्यांतील भारतीयांना तेच पदक कांस्यात देण्यात आले. माझे खापरपणजोबा मजूर तुकडीत होते. एका संग्रहालयात, ज्याचे नाव मी लिहीत नाही, तसेच एक कांस्यपदक कोपऱ्यात ठेवलेले होते आणि खाली ‘प्रतिकृती’ अशी पाटी होती. मी तिथल्या अभिप्राय वहीत सविस्तर लिहिले आणि नंतर पत्रही पाठवले. पुढच्या वर्षी गेले तेव्हा पाटी तीच होती. ज्यांनी रस्ते बांधले, ओझी वाहिली आणि जे त्यातच गेले, त्यांचे खरे पदकही नकली ठरावे, याचे मला आजही अतोनात वाईट वाटते.

निवृत्त_बिनतारी
मी फौजेत असताना लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचे संग्रहालय पाहिले. त्याला दरवान सिंग नेगी यांचे नाव दिले आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधील फेस्तुबेर येथे खंदकांच्या लढाईत त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळवला. भारतीय शिपायांना हा क्रॉस १९११पर्यंत खुलाच नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या पहिल्या नावांचे मोल कळते.

मला तिथे निशाण दिसले नाही, म्हणून मी सोबतच्या सुभेदारसाहेबांना विचारले. त्यांनी समजावले की रायफल पलटणी परंपरेने निशाण बाळगत नाहीत, कारण त्यांचे काम विखरून, आडोशाने लढण्याचे होते आणि निशाण म्हणजे शत्रूला दाखवलेली जागा. ते ऐकल्यावर भिंतीवरची रिकामी जागाही मला बोलकी वाटू लागली.

अवनी
निशाणाचा विषय निघाला म्हणून लिहिते. वेल्समधील ब्रेकनच्या कॅथेड्रलमध्ये ब्रिटिशांच्या २४व्या पलटणीचे निशाण आहे, जे १८७९ साली दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे झुलूंकडून झालेल्या पराभवानंतर वाचवताना दोन अधिकारी मारले गेले आणि जे पुढे नदीत सापडले. गावातच पलटणीचे संग्रहालय आहे. झुलू आपल्याच भूमीसाठी लढत होते, याची आठवण ते निशाण पाहताना मनातून जात नव्हती आणि तरीही त्या जीर्ण रेशमापुढे मान आपोआप लवली. या दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे मला वाटते.

माणगावकर
माणगावात व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यावरून मी लहानपणापासून रोज जात होतो. त्यांच्यापाशी खऱ्या अर्थाने थांबलो तो बेळगावच्या संग्रहालयात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सगळे ठार किंवा जखमी झाले असताना हा नाईक एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने पाडले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो गेला. त्यांचे वय २२ होते. त्या वेळी मीही बरोबर २२ वर्षांचा होतो. त्याच इटलीत, ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीकाठी, मराठा पलटणीच्याच नामदेव जाधवांनी दोन जखमींना सुरुंगांतून आणि खोल पाण्यातून पलीकडे आणले. ते जिवंत परतले, हे वाचून मला फार बरे वाटले.

मृण्मयी
शुभांगीताई, पदक कापडात गुंडाळले. दत्ताभाऊ, तुमच्या घरी त्यांचे पदक आले होते का? वारसांना पदके पाठवली जात. असेल तर घासू नका. अंधारात मोबाईलची विजेरी कडेला आडवी धरून पाहा.

दत्ता_कोरेगाव
ताई, एक आहे, आईच्या देवघरात. आत्ताच पाहिले. मी तीनदा वाचले, मग मुलाकडून वाचून घेतले. ११७ नाही, ११० आहे. आईला अजून सांगितलेले नाही. पुढच्या महिन्यात तिलाच बेळगावला घेऊन जातो आणि या वेळी दुसऱ्या फलकासमोर उभे राहतो.