बॉल पायथनच्या विष्ठेत जंतांची अंडी: फेनबेंडाझोल किती आणि कसं द्यायचं?

प्रश्न (नागमोडी)
बॉल पायथन (पाळीव अजगर), मादी, आजचं वजन 1200 ग्रॅम. विष्ठेच्या रिपोर्टमध्ये हुकवर्म या आतड्यातल्या जंतासारखी अंडी, पिनवर्म या दुसऱ्या जंताची अंडी आणि थोडे फ्लॅजेलेट्स (शेपटीवाले एकपेशी सूक्ष्मजीव) आलेत. खाते, उलटी नाही, पण वजन हळूहळू उतरतंय. व्हेटनी फेनबेंडाझोल 50 मिग्रॅ प्रति किलो लिहिलंय, बाटली 10 टक्के सस्पेन्शनची (पातळ औषध). मिलीमध्ये किती होतं? उंदरात भरून दिलं तर चालेल? फ्लॅजेलेट्ससाठी मेट्रोनिडाझोल हे औषधपण सुरू करावं का?

उत्तर 1 (खवलेकरी)
आधी रिपोर्ट नीट वाचू. पिनवर्मची अंडी बहुतेक उंदराची आहेत. उंदराच्या आतड्यातली अंडी सापाच्या पोटातून तशीच बाहेर पडतात; फ्रोझन उंदीर दिला तरी मेलेली अंडी स्लाइडवर दिसतात. उंदरावरचे माइट्स (बारीक किडे) आणि त्याचे कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशी परजीवी) यांचंही तेच. यावर औषध देणं म्हणजे उंदराचा आजार सापात बरा करणं! शंका असेल तर दोन-तीन जेवणं दुसरीकडच्या उंदरांची द्या आणि पुन्हा तपासा.

थोडे फ्लॅजेलेट्स निरोगी सापातही असतात. विष्ठा पातळ, आववाली किंवा फार घाण वासाची नसेल तर मेट्रोनिडाझोल नको. त्याचा डोस जास्त झाला की मान वाकडी होते, उलटा केलेला साप सरळ होत नाही.

उरला हुकवर्म, त्यावर उपचार हवाच. हिशोब: 1.2 किलोला 60 मिग्रॅ. 10 टक्के म्हणजे मिलीत 100 मिग्रॅ, म्हणजे 0.6 मिली. लेबल मात्र स्वतः बघा. 2.5 टक्क्यांचीही बाटली मिळते, तिचे 2.4 मिली लागतील. औषध तळाशी बसतं, त्यामुळे बाटली जोरात हलवूनच 1 मिलीच्या सिरिंजमध्ये भरा. 14 दिवसांनी पुन्हा वजन करून दुसरा डोस. पहिल्यातून कोवळ्या अळ्या सुटतात, म्हणून दुसरा लागतो.

उत्तर 2 (शांतसर्प)
उंदरातून चालेल, पण नेहमीपेक्षा लहान उंदीर घ्या आणि पूर्ण वितळल्यावर औषध त्याच्या पोटात टोचा. जाड सुईच्या भोकातून औषध गळतं. उंदीर तसाच पडून राहिला तर डोस वाया गेला.

तोंडातून पोटाकडे घातलेल्या ट्यूबने खात्री जास्त. आधी नाकापासून शरीराच्या साधारण एक तृतीयांश लांबीवर ट्यूबला खूण करा, पाण्याने ओली करा. तोंड उघडायला मऊ प्लास्टिकची पट्टी. तोंडाच्या तळाशी, जिभेच्या म्यानाच्या लगेच मागे श्वासाचं भोक उघडझाप करताना दिसेल. ट्यूब त्याच्या वरून मागे गेली पाहिजे. अडलं तर ढकलू नका, बाहेर काढून पुन्हा घाला. 0.6 मिलीतलं निम्मं औषध ट्यूबमध्येच अडकू शकतं, म्हणून मागून 1 मिली पाणी सोडा. मग सापाचा पुढचा भाग मिनिटभर वर धरा. पहिल्यांदा व्हेटसमोरच करा.

नागमोडी
दुसऱ्या डोसानंतर पुन्हा अंडी दिसली तर आणखी देत राहू?

उत्तर 3 (कातटाकी)
आंधळेपणाने नको. फेनबेंडाझोलचा अतिरेक झाला की अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी घटतात. अंडी परत दिसण्याचं नेहमीचं कारण टाकीत असतं. हुकवर्मला मधला यजमान लागत नाही, ओल्या कोकोपीटमध्ये अळ्या बाहेर येतात आणि सापात परत जातात. म्हणून उपचार संपेपर्यंत खाली साधा कागद, विष्ठा दिसली की त्याच दिवशी कागद बदला, पाण्याचं भांडं रोज उकळत्या पाण्याने. ब्लीचवर विसंबू नका, अंड्यांचं कवच त्याला दाद देत नाही. लाकडी हाइड (सापाची लपायची जागा) टाकून द्या. गरम बाजू 31 ते 33 अंश हवी. थंड सापाचं पचन मंद, औषधाचं पुढं जाणंही मंद.

शेवटच्या डोसानंतर 2 आठवड्यांनी ताजा नमुना द्या. तपकिरी भाग हवा, पांढरा युरेट (लघवीचा घट्ट भाग) नको. लगेच देता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. फ्लॅजेलेट्स बघायचे तर फ्रिजही नको, नमुना गरम असतानाच स्लाइड व्हावी लागते.

अंड्यात आधीच अळी दिसली तर फुप्फुसातला ऱ्हॅब्डियास हा जंत असू शकतो, मग श्वासनलिकेचा वॉश (धुऊन घेतलेला नमुना) लागतो. खाल्ल्यावर उलटी आणि शरीराच्या मध्यावर घट्ट फुगवटा दिसला तर क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशी परजीवीची पीसीआर तपासणी मागा. तिथे फेनबेंडाझोल काहीच करत नाही.

घरात कासव असेल तर आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची बाटली त्याच्यापासून लांब. सापाला काही वेळा देतात, कासवाला जीवघेणं ठरतं.